फिट्टंफाट कधी होते? जुन्या नाटकांतला सूड, सोप्या भाषेत

रविवारी सकाळी आम्ही काहीजण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका हॉलमध्ये नाटकं वाचायला जमतो. पंधरा-वीस माणसं असतात. निवृत्त झालेले दोघे-तिघे, दोन शिक्षिका, कॉलेजची पोरं, आणि त्यांतलाच एक जण सकाळी तालमीत जाणारा, पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणारा. गेल्या महिन्यात 'हॅम्लेट' वाचून संपलं. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर चार प्रेतं पडलेली असतात. पुस्तक मिटता मिटता या पोरानं बोटं मोजली आणि म्हणाला, "सर, ह्याच्या बापाचा एक खून झालेला. त्याच्यापायी आठ माणसं गेली. त्यात हा स्वतःपण गेला. मग फिट्टंफाट झाली कधी?"

प्रश्न दोन वाक्यांत निपटण्यासारखा नव्हता. हल्ली पडद्यावर सूडाच्या गोष्टींची रेलचेल आहे. नायक एकेकाला टिपतो, थिएटरात शिट्ट्या पडतात, दिवे लागतात आणि आपण समाधानानं घरी येतो. मग तीच गोष्ट जुन्या नाटकात वाचताना शेवटी पोटात खड्डा का पडतो? अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक असो, आपला संस्कृत नाटककार असो की शेक्सपिअर, सूड हातात घेतला की सगळे त्याच उजाड जागी कसे येऊन पोचतात? त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर इथं लिहितो आहे.

आधी शब्द नीट बघू

मराठीत सूडाला शब्दांची ददात नाही. वचपा काढणं, उट्टं काढणं, डूख धरणं, दावा साधणं, व्याजासकट परतफेड करणं, हिशेब चुकता करणं. आणि आपल्याकडचा खास शब्द, खुन्नस. यांतले निम्मे शब्द वहीखात्यातले आहेत हे लक्षात घ्या. कुणीतरी माझं काही नेलं, ते मी वसूल करणार आणि मग खातं बंद, अशी सूड घेणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते.

शाहू स्टेडियमवर गेल्या मोसमातल्या हरण्याचा वचपा निघतो, पेठेत गुलाल उडतो, आणि दोन दिवसांनी दोन्हीकडची पोरं एकाच गाड्यावर मिसळ खाताना दिसतात. ती ईर्ष्या. सूडाची गोष्ट वेगळी. तिथं इजा झालेला माणूस स्वतःच फिर्यादी असतो, स्वतःच न्यायाधीश आणि शिक्षा देणाराही स्वतःच. ज्या नाटकाचा सगळा डोलारा अशा एका माणसावर उभा असतो त्याला सूडनाट्य म्हणतात. या लेखापुरता एवढा एकच पारिभाषिक शब्द पुरे.

आता खासबागेत या. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर एकमेकांना लागूनच उभं केलं. १९१५ साली ते पॅलेस थिएटर म्हणून पुरं झालं आणि पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं, तेव्हा अर्धं शहर रस्त्यावर उभं राहून रडत होतं. कोल्हापूरच्या माणसाला कुस्ती आणि नाटक असं शेजारी-शेजारी बघायची सवय आहे, आणि सूड समजून घ्यायला ही शेजारगत फार उपयोगी पडते.

कुस्तीत काय होतं? हलगी कडाडत असते, दोघं एकमेकांच्या मानेवर रेटत असतात, दोघांच्याही डोळ्यांत आग असते. पाठ मातीला टेकली की पंच शिट्टी मारतो. चितपट. हरलेल्याला वाटलं म्हणून कुस्ती पुढं चालू राहत नाही, आणि जिंकलेल्यालाही छातीवर बसून राहता येत नाही. लढत कुठं संपली हे सांगणारा तिसरा माणूस तिथं उभा असतो. सूडात तो पंचच नसतो. चितपट कधी झाली हे दोघांनी आपापलं ठरवायचं असतं, आणि ज्याची पाठ मातीला लागली तो 'झाली' असं कधीच म्हणत नाही. जुनी नाटकं हे फार बारकाईनं दाखवतात.

हिशेब कुठून मोजायचा?

माझ्या आजोळी, कागल तालुक्यातल्या एका गावात, दोन चुलतभावांचा बांधाचा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो. एकानं नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्त धरला आणि बांध कोरला. दुसऱ्यानं पाटाचं पाणी वरच्या वर फिरवलं. मग पहिल्यानं ऐन तोडणीच्या हंगामात गाडीवाट अडवली. तोडलेला ऊस तीन दिवस फडातच वाळत पडला, वजन घटलं. त्या रागात कुणाच्या तरी गंजीला काडी लागली. मी दोघांच्याही घरी चहा प्यायलो आहे. एकाची कहाणी नांगराच्या त्या तासापासून सुरू होते. दुसरा म्हणतो, "तास? अरे, आज्यानं वाटणी करतानाच आमच्यावर अन्याव केलता." दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांची वही वेगवेगळ्या पानावर उघडते, इतकंच.

अथेन्सच्या इस्किलसनं इसवी सनपूर्व ४५८ मध्ये तीन नाटकांची एक माळ रंगमंचावर आणली, 'ओरेस्तिया'. ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध जिंकून राजा अ‍ॅगमेम्नॉन घरी येतो आणि त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला न्हाणीघरात वस्त्राच्या जाळ्यात गुरफटवून मारते. का? तर युद्धाला निघताना जहाजांना वारा मिळावा म्हणून त्यानं पोटच्या पोरीचा, इफिजेनियाचा बळी दिला होता. आईचं खातं तिथं उघडतं. तिच्यासोबत असलेला इजिस्थस मात्र म्हणतो, ह्याच्या बापानं माझ्या भावांना कापून त्यांचं मांस माझ्या बापाला जेवणात वाढलं होतं. त्याचं खातं एक पिढी आधीचं. राजा एकच मेला आहे आणि दोन वेगवेगळी खाती 'आता वसूल झालं' असं म्हणताहेत.

मारणाऱ्याचा आनंद मात्र पुढच्या नाटकापर्यंतच टिकतो. मुलगा ओरेस्टीस मोठा होऊन परततो आणि त्याचं खातं बापाच्या खुनापासून सुरू होतं. आता त्याला आईला मारायचं आहे.

इथला एक क्षण मला कधी विसरता येत नाही. आई छाती उघडी करून म्हणते, याच दुधावर वाढलास तू. ओरेस्टीसचा हात थांबतो. तो शेजारच्या मित्राला विचारतो, काय करू? हा मित्र, पायलेडीस, अख्ख्या नाटकात गप्प उभा असतो. प्रेक्षकांनी त्याला मुका सोबती समजून सोडून दिलेलं असतं. तो फक्त इथं तोंड उघडतो, अवघ्या तीन ओळी बोलतो. सूड घे म्हणणाऱ्या अपोलो देवाच्या आज्ञेचं काय, म्हणतो. एवढं पुरतं. आपल्या गावाकडं ज्याला काडी लावणं म्हणतात ती दरवेळी वाईट माणूसच लावतो असं नाही. कधी कधी जिवलग मित्र लावतो, तेही धर्म म्हणून.

यानंतर इस्किलसनं जे केलं त्याला शब्दही लागत नाहीत. पहिल्या नाटकात दार उघडतं तेव्हा क्लायटेम्नेस्ट्रा दोन प्रेतांजवळ उभी असते, नवरा आणि त्यानं ट्रॉयहून आणलेली बंदिवान कॅसांड्रा. दुसऱ्या नाटकात तेच दार उघडतं आणि ओरेस्टीस दोन प्रेतांजवळ, आई आणि इजिस्थसजवळ, उभा असतो, हातात तेच जाळ्यासारखं वस्त्र धरून. उभं राहायची जागा तीच आणि बोलणंही तेच, 'मी केलं ते न्यायाचं होतं.' बापाला मारून आई जिथं उभी होती ती जागा आता मुलानं घेतली. आणि त्याच क्षणी त्याला सूडाच्या देवता दिसू लागतात, ज्या आजूबाजूच्या कुणालाच दिसत नाहीत.

फिट्टंफाट करायला निघालेला नेहमी जास्तच का मारतो?

कारण त्याला नुसती भरपाई नको असते. समोरच्याला आपल्याइतकं दुखलं पाहिजे असतं, आणि दुसऱ्याचं दुखणं मोजायचं माप कुणाकडंच नाही. स्वतःचं दुखणं मात्र चोवीस तास जाणवत राहतं. म्हणून मापात पाप होतं, दरवेळी, न ठरवता.

अथेन्सच्याच दुसऱ्या एका नाटककाराची, युरिपिडीसची 'मीडिया' घ्या, इसवी सनपूर्व ४३१. जेसनसाठी मीडियानं बापाचं घर सोडलं, भावाचा जीव घेतला, आणि तोच जेसन आता कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न लावतो आहे. ती परकी, परदेशात, दोन लहान मुलं पदरात, वर हद्दपारीचा हुकूम. तिच्या बाजूनं न्याय आहे, नाटक ऐकताना आपण पहिल्या अर्ध्या तासात पूर्णपणे तिचे होतो. मग ती नव्या नवरीला विषारी वस्त्र आणि मुकुट पाठवते. नवरी जळते, तिला मिठी मारणारा बापही जळतो. इथं थांबता आलं असतं. पण जेसन अजून उभा आहे, आणि त्याला सगळ्यात खोल कुठं लागेल हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती स्वतःच्या मुलांना मारते.

एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलते: शत्रू मला हसता कामा नयेत. मुलांवर तिचं प्रेम आहे. ती त्यांना जवळ घेते, त्यांच्या त्वचेचा मऊपणा, त्यांचा श्वास याबद्दल बोलते, मन बदलते, पुन्हा फिरते. आपण करतोय ते भयंकर आहे हे तिला स्वच्छ कळतं आणि ती तसं बोलूनही दाखवते, फक्त राग त्या कळण्यापेक्षा मोठा झालेला असतो. 'पेठेत हसं होईल', 'भावकीत मान राहणार नाही', ही वाक्यं ज्यानं घरात ऐकली आहेत त्याला कॉरिंथ फार लांब वाटणार नाही.

त्या वर्षीच्या अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत युरिपिडीसला तिसरा, म्हणजे शेवटचा नंबर मिळाला.

हॅम्लेट, आणि कोल्हापूरचा एक धागा

आता त्या पोराच्या नाटकाकडं. मराठीत 'हॅम्लेट' आलं त्याला कोल्हापूरचा एक विलक्षण धागा आहे. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाचे आरोप 'केसरी' आणि 'मराठा'नं कोल्हापूरच्या दिवाणांवर केले. त्यातून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. त्या तुरुंगातल्या दिवसांत आगरकरांच्या हाती 'हॅम्लेट'चं काम होतं. १८८३ मध्ये ते पुस्तक आलं, 'विकारविलसित' या नावानं. विकारांचा विलास! मनातले विकार कसे खेळतात, त्याचं नाटक. मला हे नाव मूळ नावाहून नेमकं वाटतं.

हॅम्लेटच्या बापाचा खून त्याच्या काकानं केलेला असतो. बहुतेक जण म्हणतात हॅम्लेट चालढकल करतो म्हणून घात होतो. वेळेवर काकाला मारलं असतं तर बाकीचे वाचले असते. पण तो एका प्रवेशात अगदी मारण्याच्या बेतात येतो, तिथं बघा. काका क्लॉडियस एकटा प्रार्थना करतोय. पाठमोरा, निःशस्त्र. हॅम्लेट तलवार उपसतो आणि थांबतो. दया आली म्हणून? नाही. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल, मग कसला सूड! त्याला पापात गाठायचं, म्हणजे आत्माही नरकात जाईल. बापाच्या एका जिवाचा हिशेब आता परलोकापर्यंत गेला. यातला आणखी एक चटका पुढं आहे: हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि म्हणतो, माझे शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे ती प्रार्थना झालीच नव्हती.

आणि लगेच पुढच्याच प्रवेशात, आईच्या दालनात, पडद्याआड हालचाल होते. हॅम्लेट न बघता तलवार खुपसतो. मागं काका नसतो, म्हातारा पोलोनियस असतो. त्या एका घावानं हॅम्लेट दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीतला खुनी होऊन बसला. पोलोनियसला मुलगा आहे, लेअर्टिस. त्याच्याही बापाचा खून झाला. त्याच्या बहिणीला, ऑफेलियाला, वेड लागतं आणि ती पाण्यात बुडते. लेअर्टिस अजिबात चालढकल करत नाही. हॅम्लेटचा गळा मी देवळातसुद्धा चिरीन, म्हणतो. तलवारीला विष लावतो. झटपट सूड घेतला असता तर बरं झालं असतं, असं म्हणणाऱ्यांनी लेअर्टिसचं काय झालं ते पाहावं. तो त्याच विषानं मरतो.

मोजदाद अशी: पोलोनियस, ऑफेलिया, हॅम्लेटचे दोन बालमित्र, आई, लेअर्टिस, काका आणि स्वतः हॅम्लेट. आठ. यांतल्या ऑफेलियाचा कुठल्याच खात्याशी संबंध नव्हता. सूडनाट्यात एक ऑफेलिया जवळजवळ नेहमीच असते, मीडियाच्या मुलांसारखी, आणि माझं मन दरवेळी तिथंच अडकतं.

याच नाटकात तिसराही एक मुलगा आहे, नॉर्वेचा फॉर्टिनब्रास. त्याच्या बापाला हॅम्लेटच्या बापानं मारलं होतं. तोही सैन्य जमवून निघालेला असतो, पण त्याचा काका त्याला आवरतो. शेवटी सगळे मेल्यावर तो येतो आणि डेन्मार्कचं राज्य त्याला आयतं मिळतं. तो संत नाही. मधल्या काळात तो पोलंडकडं जमिनीच्या एका तुकड्यासाठी हजारो माणसं घेऊन लढायला जातो. त्याचाच एक अधिकारी सांगतो, पाच मोहरांनासुद्धा मी ती जमीन खंडानं घेणार नाही. आमच्या वाचनात हे वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बांधच की हो हा."

मग काय, अन्याय गिळून गप्प बसायचं?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो टाळणारा माणूस सहसा ज्याच्यावर अन्याय झाला नाही असाच असतो. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. महाभारतातली द्रौपदी, सैरंध्री म्हणून विराटाच्या घरी राबणारी. तिच्या मागं लागलेला कीचक, आणि त्याला ठार करणारा भीम. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, सबुरी सांगणाऱ्या धर्मराजात मवाळ पुढारी दिसले. इंग्रज सरकारनं १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. ते नाटक लोकांना पेटवत होतं, आणि ते पेटणं गैर होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण नीट पाहिलं तर भीमाचं कीचकाला मारणं हा प्रतिकार आहे. कीचक उद्या पुन्हा येणार आहे. राजदरबारानं कानांवर हात ठेवले आहेत. द्रौपदीवरचं संकट चालू आहे आणि ते थांबवायचा दुसरा मार्ग उरलेला नाही. चालू असलेला अन्याय अडवणं वेगळं, आणि होऊन गेलेल्या अन्यायाचं दुःख दुसऱ्याच्या अंगावर कोरणं वेगळं. प्रतिकाराला शेवट असतो, हात आवरला की काम झालं. सूडाला मुळात थांबवायचंच काही नसतं, म्हणून तो कुठं थांबणार?

ही रेघ नेहमी इतकी स्वच्छ दिसत नाही, हेही खरं. महाभारतात कीचक मेल्यावर त्याचे १०५ भाऊबंद द्रौपदीला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला निघतात, आणि भीमाला त्यांनाही मारावं लागतं. न्याय्य घावालाही प्रतिध्वनी असतोच.

'कोर्टात तरी न्याय मिळतोय कुठं?'

हाही प्रश्न आमच्या हॉलमध्ये आला. विचारणाऱ्या काकू स्वतः बरीच वर्षं तारखा घेत आहेत, त्यामुळं त्यांना कोरडं उत्तर देणं मला जमलं नाही.

इस्किलसनं तिसऱ्या नाटकात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. ओरेस्टीस पळत पळत अथेन्सला येतो, मागं सूडदेवता. अथीना देवी म्हणते, याचा निवाडा मी एकटी करणार नाही, शहरातले नागरिक करतील. अरिओपॅगस नावाच्या टेकडीवर न्यायसभा बसते. मतं पडतात. समसमान! अथीना आपलं मत ओरेस्टीसच्या बाजूनं टाकते आणि तो सुटतो. बघणाऱ्या अथेन्सकरांना ही पुराणातली गोष्ट वाटली नसणार. चारच वर्षांपूर्वी एफिआल्टिस नावाच्या पुढाऱ्यानं याच न्यायसभेचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते, खुनाचे खटले तेवढे तिच्याकडं राहिले होते, आणि पाठोपाठ एफिआल्टिसचाच खून झाला होता. सूडाच्या फेऱ्यात आपलं शहर जाणार का, ही त्यांची रोजची भीती होती.

निकाल मला पटतो असं नाही. आई ही खरी जन्मदाती नव्हे, ती नुसतं बीज सांभाळते, असा युक्तिवाद अपोलो करतो. इफिजेनियाचा बळी तर त्या कोर्टात जवळजवळ विसरलाच जातो. म्हणजे पहिल्यावहिल्या नाट्यमय कोर्टातसुद्धा एका बाईची फिर्याद नीट ऐकली गेली नाही. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली.

पण निकालानंतर जे होतं ते फार शहाणपणाचं आहे. हरलेल्या सूडदेवता खवळून उठतात, तुमची शेतं नापीक करू, शहर उजाड करू म्हणतात. अथीना त्यांना हाकलत नाही. पुन्हा पुन्हा, न चिडता समजावत राहते. तुमचा अपमान झालेला नाही, मतं समान पडली. इथंच राहा, टेकडीखाली तुमचं ठाणं, मान तुमचा. शेवटी त्या मानतात आणि शहराच्या रक्षक होतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या संतापाला कोर्टानं बसायला जागा द्यायची असते, त्याचं ऐकून घ्यायचं असतं. वर्षानुवर्षं नुसत्या तारखा देणारं कोर्ट हेच काम करत नाही, आणि मग माणसं पुन्हा आपापल्या वह्या उघडतात.

आपल्याकडं रामशास्त्री आहेतच. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनावर खाडिलकरांनी 'भाऊबंदकी' लिहिलं. 'ध'चा 'मा' झाला, पुतण्या गेला, आणि रामशास्त्र्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. तो पंच होता, फक्त त्याची शिट्टी ऐकायला कुणी तयार नव्हतं.

'पण आपल्या नाटकांत तर सूड घेणारा जिंकतो!'

संस्कृत नाटकाचा शेवट मंगल असतो, हे शाळेत शिकलेलं. त्यामुळं हा आक्षेप येतोच. दोन नाटकं त्यावर ठेवतो.

पहिलं भासाचं 'ऊरुभंग'. भासाची नाटकं शतकानुशतकं नुसती नावानं माहीत होती. टी. गणपतिशास्त्री यांना केरळात त्यांची हस्तलिखितं सापडली आणि १९१२ पासून ती छापली गेली. या एकांकिकेत दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. त्याला मारताना भीमानं गदायुद्धाचा नियम मोडला, म्हणून बलराम चवताळून उठतो, आत्ता भीमाला संपवतो म्हणतो. त्याला कोण आवरतं? दुर्योधन! वैर संपलं, म्हणतो, आता कशाला. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय बापाला शोधत येतो आणि सवयीनं मांडीवर बसायला जातो. बाप त्याला अडवतो. जिथं रोज बसायचास ती जागा आता राहिली नाही. आमच्याकडं हे वाचणारा गृहस्थ, धडधाकट, पहाडी आवाजाचा, त्या ओळीवर थांबला आणि त्यानं पुस्तक शेजाऱ्याकडं दिलं.

मरता मरता दुर्योधन मुलाला सांगतो, पांडवांची सेवा कर. तरीही अश्वत्थामा येतो आणि रात्रीच्या हल्ल्याची प्रतिज्ञा करतोच. ज्याच्यासाठी सूड घ्यायचा तो नको म्हणतोय, तरी सूड घ्यायचाच. त्या रात्री द्रौपदीची पाची मुलं झोपेत गेली. कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आज्यांच्या गोष्टींत अजून मेलेला नाही.

दुसरं भट्टनारायणाचं 'वेणीसंहार'. एकोणिसाव्या शतकात परशुरामतात्या गोडबोल्यांनी ते मराठीत आणलं. भरसभेत दुःशासनानं द्रौपदीचे केस ओढले तेव्हापासून ते मोकळेच आहेत. दुर्योधनाच्या रक्तानं माखलेल्या हातांनी मी तुझी वेणी बांधीन, ही भीमाची प्रतिज्ञा. नाटक वीररसाचं आहे, ते भीमाच्या बाजूनं उभं आहे, आणि शेवटी प्रतिज्ञा पुरी होते. सूडनाट्यातला सगळ्यात सुखाचा शेवट म्हणायला हरकत नाही.

पण सहावा अंक हळू वाचा. ऋषीच्या वेषात आलेला एक राक्षस धर्मराज आणि द्रौपदीला खोटंच सांगतो की भीम गदायुद्धात पडला. दोघं अग्निप्रवेशाची तयारी करतात. इतक्यात रक्तानं नखशिखान्त न्हालेला एक माणूस, पांचाली कुठं आहे, म्हणून ओरडत धावत येतो. द्रौपदी घाबरून पळते. धर्मराज त्याला मिठीत आवळून धरतो, शत्रू समजून. तो भीम असतो. जिंकून आलेल्या भावाला सख्ख्या भावानं ओळखलं नाही, दुर्योधन समजला. नाटककारानं हा घोटाळा प्रेक्षकांना धडकी भरावी म्हणून रचला असेल, पण एवढ्या रक्ताखाली भीम कोण आणि दुर्योधन कोण हे कळेनासं झालं, हे त्यानंच लिहून ठेवलं आहे.

ओळख पटते. सगळे शांत होतात. भीम द्रौपदीला म्हणतो, बांध आता ती वेणी. तेरा वर्षं या क्षणासाठी काढलेली. आणि द्रौपदी जे म्हणते ते त्या रविवारी तालमीतल्या पोरानंच मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर तेच पान तो पुन्हा मनाशी वाचत बसला.

ती म्हणते, नाथ, वेणी कशी घालतात तेच मी विसरले आहे. पुन्हा शिकेन.